वीज ‘वस्तू’ नव्हती, कोळसा होता: जर्मन साम्राज्यातली छोटी चोरी आणि तिची न्यायालयं

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चोरीच्या कलमातल्या एका तरतुदीवर बरीच चर्चा झाली. चोरलेल्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा. कुणी म्हणालं, चोराचे एवढे लाड कशाला? कुणी म्हणालं, ही तरतूद यायला इतकी वर्षं का लागली?

छोट्या चोराचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक राज्यव्यवस्थेला सोडवावा लागतो. तो ज्यांनी फार काटेकोरपणे सोडवायचा प्रयत्न केला आणि त्या काटेकोरपणातच जे अडकले, त्यांच्यात १८७१ ते १९१८ या काळातलं जर्मन साम्राज्य आहे. त्याची दंडसंहिता १ जानेवारी १८७२ रोजी लागू झाली, फौजदारी प्रक्रियेचा कायदा आणि नवी न्यायालयं १ ऑक्टोबर १८७९ रोजी. तीच दंडसंहिता असंख्य दुरुस्त्यांसह जर्मनीत आजही चालू आहे, आणि आज तिथे नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी माणसांनाही तीच लागू होते.

गाजलेले खून आणि राजद्रोहाचे खटले इथे बाजूला ठेवू. कोळशाची टोपली, कोटाची चोरी, दारूच्या गुत्त्यातली हाणामारी, शेजारणीची शिवीगाळ हा रोजचा गुन्हा. कोणतंही न्यायालय कसं आहे हे त्याच्यावरूनच कळतं.

विजेची चोरी ही चोरी का नव्हती

सुरुवात एका चमत्कारिक वाटणाऱ्या निकालापासून करू. १८९० च्या दशकात जर्मन शहरांत वीज आली आणि पाठोपाठ तारेला तार जोडून फुकट वीज घेणारेही आले. अशी प्रकरणं लायप्झिगच्या राइख्सगेरिष्टपर्यंत, म्हणजे साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १८९६ मध्ये आणि पुन्हा १८९९ मध्ये या न्यायालयाने सांगितलं की ही चोरी नाही.

कारण दंडसंहितेच्या कलम २४२ मध्ये होतं. दुसऱ्याच्या ताब्यातली, दुसऱ्याच्या मालकीची जंगम वस्तू बेकायदा आपली करण्याच्या हेतूने उचलणं म्हणजे चोरी. न्यायालयासमोर प्रश्न आला: वीज ही वस्तू आहे का? ती हातात धरता येत नाही, पिशवीत भरता येत नाही; त्या काळच्या शास्त्रज्ञांच्या मते तो पदार्थ नव्हता, ती पदार्थाची अवस्था होती. मग कलमातला ‘वस्तू’ हा शब्द तिच्यापर्यंत पोचत नाही.

याच संहितेचं कलम २ सांगत होतं की कृत्य करण्याआधी ज्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही, त्या कृत्याला शिक्षा नाही. घरातल्या भाड्याच्या कराराशी हे ताडून बघा. करारात ‘पाळीव प्राणी नकोत’ एवढंच लिहिलं असेल आणि भाडेकरूने मोठ्याने वाजणारं वाद्य आणलं, तर घरमालकाला कितीही त्रास झाला तरी त्या अटीचा भंग झाला असं म्हणता येत नाही. पुढच्या करारात नवी अट घालावी लागते. जर्मनीत तसंच झालं. ९ एप्रिल १९०० रोजी वीज काढून घेण्याबद्दल वेगळा कायदा झाला आणि फट बुजली. शिक्षा ठरली तुरुंग, किंवा १,५०० मार्कांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्याकडेही वाट जवळपास तीच होती. भारतीय दंड संहितेत चोरी म्हणजे जंगम मालमत्तेची चोरी होती, आणि १९१० च्या वीज कायद्यातल्या कलम ३९ ने ‘वीज बेकायदा घेणं ही चोरी मानली जाईल’ असं लिहून ठेवलं. ती चोरी दंड संहितेमुळे ठरत नाही, वीज कायद्यामुळे ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये अवतारसिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात स्पष्ट केलं.

आता त्या १९०० च्या जर्मन कायद्यातल्या शिक्षेकडे पुन्हा बघा. वीज चोरणाऱ्याला नुसता दंड भरून सुटता येत होतं. कलम २४२ खालच्या साध्या चोरीला मात्र शिक्षा होती ती फक्त तुरुंगाची, एक दिवसापासून पाच वर्षांपर्यंत. दंडाची सोयच नव्हती. भारतातल्या १८६० च्या संहितेत चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद ‘किंवा’ दंड होता. जर्मन कलमात तो ‘किंवा’ नव्हता. वीज कुणाकडे होती? दुकानदाराकडे, कारखानदाराकडे, सुखवस्तू घरात. आणि रेल्वेच्या यार्डातून टोपलीभर कोळसा थंडीच्या दिवसांत कोण उचलत होतं, ते सांगायची गरज नाही. कोळसा निःसंशय वस्तू होता.

शिक्षेची शिडी

पुढचं समजण्यासाठी तीन पायऱ्या लक्षात ठेवाव्या लागतात. संहितेने गुन्ह्यांचे तीन वर्ग शिक्षेवरून केले होते.

सगळ्यात खाली किरकोळ उल्लंघन: १५० मार्कांपर्यंत दंड किंवा सहा आठवड्यांपर्यंत हवालात. भीक मागणं, भटकणं, रस्त्यात गोंधळ घालणं इथे येई. मधली पायरी म्हणजे अपराध: मोठा दंड किंवा तुरुंग, साधारण पाच वर्षांपर्यंत. सगळ्यात वर महागुन्हा: त्सुख्तहाउस किंवा देहदंड.

त्सुख्तहाउस हा शब्द एकदा समजून घेतला पाहिजे. तो सक्तमजुरीचा तुरुंग होता, किमान एक वर्ष, कमाल पंधरा वर्षं किंवा जन्मभर. तिथली मेहनत कठीण होतीच. त्याहून कठीण होता तो शिक्का. त्सुख्तहाउसची शिक्षा झाली की सैन्यात आणि सरकारी नोकरीत कायमचा मज्जाव. त्याखेरीज न्यायालय दोन ते दहा वर्षांसाठी नागरी हक्क काढून घेऊ शकत असे. ज्या समाजात सैन्यातल्या नोकरीचा दाखला सगळीकडे मागितला जाई, तिथे या माणसाला पुन्हा उभं राहायला जागा कुठे?

दंडाचंही गणित गरिबाच्या बाजूने नव्हतं. १९०० च्या सुमारास साध्या कामगाराला दिवसाला अडीच-तीन मार्क मिळत. दंड भरता आला नाही तर त्याचे दिवस मोजले जात: अपराधासाठी तीन ते पंधरा मार्कांमागे एक दिवस तुरुंग. म्हणजे ३० मार्क दंड झाला आणि न्यायाधीशाने तीनचा दर लावला, तर दहा दिवस आत. दुकानदार तोच दंड गल्ल्यातून भरून घरी जाई.

कोणता खटला कुठे

सगळ्यात खालचं न्यायालय होतं श्यॉफेनगेरिष्ट. इथे एक व्यावसायिक न्यायाधीश आणि दोन श्यॉफे, म्हणजे कायदा न शिकलेले साधे नागरिक, एका बाकावर बसत. त्यांना आपण लोकन्यायाधीश म्हणू. तिघांच्या मताचं वजन सारखं, दोषी आहे का आणि शिक्षा किती या दोन्ही प्रश्नांवर. आपल्याकडच्या जुन्या सत्र न्यायालयांतल्या असेसरांचं, म्हणजे सल्ला देणाऱ्या नागरिकांचं, मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हतं. इथे दोन लोकन्यायाधीश एकत्र आले तर ते न्यायाधीशाला हरवू शकत. किरकोळ उल्लंघनं आणि छोटे अपराध इथे चालत. १८७९ च्या रचनेत २५ मार्कांपर्यंतची साधी चोरी याच न्यायालयाची.

त्याच्या वरचं फौजदारी खंडपीठ: पाच व्यावसायिक न्यायाधीश, लोकन्यायाधीश एकही नाही. दोषी ठरवायला दोन-तृतीयांश, म्हणजे पाचपैकी चार मतं लागत. खून, दरोडा यांसारखे सर्वांत गंभीर गुन्हे ज्यूरीकडे जात: तीन न्यायाधीश आणि बारा ज्यूरर, दोषी ठरवायला सातांपेक्षा जास्त मतं.

आता यातली उलटी गोष्ट बघा. श्यॉफेनगेरिष्टच्या निकालावर अपील करता येई आणि वरच्या न्यायालयात साक्षीपुराव्यासह सगळा खटला नव्याने चाले. पण पाच न्यायाधीशांच्या खंडपीठाने पहिल्यांदाच निकाल दिला असेल, तर घटना खरी की खोटी हा मुद्दा पुन्हा कुठेही काढता येत नसे. लायप्झिगला जाता येई, फक्त कायदा चुकीचा लावला या मुद्द्यावर, आणि तेही एका आठवड्यात. पाच शिकलेले न्यायाधीश चुकणार नाहीत, असं कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. परिणाम असा की शिवीगाळीच्या खटल्यात माणसाला दुसरी संधी होती आणि कित्येक वर्षांच्या सक्तमजुरीच्या खटल्यात नव्हती.

तिसरी चोरी

या सगळ्या यंत्रणेचा खरा भार पडत होता तो कलम २४४ वर. पूर्वी दोनदा चोरी, दरोडा किंवा चोरीचा माल घेण्यासाठी शिक्षा भोगलेल्या माणसाने पुन्हा चोरी केली, की ती चोरी वरच्या पायरीवर, महागुन्ह्यात जाई. साध्या चोरीला दहा वर्षांपर्यंत त्सुख्तहाउस. कुलूप तोडून किंवा घर फोडून केली असेल तर किमान दोन वर्षं.

एक उदाहरण घेऊ. समजा, बर्लिनमधल्या एका बाईने सतराव्या वर्षी मालकिणीच्या घरातून हातरुमाल घेतले: तीन दिवस तुरुंग. बावीसाव्या वर्षी दोरीवर वाळत घातलेला परकर घेतला: दोन आठवडे. तिशीत नवरा बेकार असताना दुकानाबाहेर टांगलेला, सहा मार्कांचा मुलाचा कोट घेतला. आता:

सहा मार्कांची चोरी एरवी श्यॉफेनगेरिष्टची होती. तिसरी म्हणून ती पाच न्यायाधीशांपुढे गेली. तिथे नागरिकांमधलं कुणी बाकावर नाही. खंडपीठाने सौम्य परिस्थिती मान्य केली तर किमान तीन महिने तुरुंग. मान्य केली नाही तर किमान एक वर्ष त्सुख्तहाउस. घटनेवर अपील नाही.

आणि वकील? प्रक्रिया कायद्याच्या कलम १४० नुसार महागुन्ह्याच्या आरोपीने मागणी केली तर खंडपीठापुढच्या खटल्यात त्याला न्यायालयाने वकील द्यायचा होता. पण त्याच कलमात एक अपवाद घातला होता: जो गुन्हा केवळ पुन्हा केल्यामुळे महागुन्हा ठरतो, त्याला हा हक्क नाही. न्यायालय स्वतःच्या मर्जीने वकील देऊ शकत असे, आरोपी हक्क म्हणून मागू शकत नसे. शिक्षा देताना तिसरी चोरी महागुन्हा होती, संरक्षण देताना ती छोटी चोरी होती. या एका अपवादात त्या काळच्या न्यायाची सगळी वृत्ती दिसते, असं मला वाटतं.

सुटकेची एक वाट होती. आधीची शिक्षा भोगून दहा वर्षं झाली असतील तर जुनी चोरी मोजली जात नसे. वरच्या उदाहरणातली बाई दोन वर्षांनी हुकली.

पण भुकेल्याला सूट होती ना?

होती, आणि तिचं नावही बोलकं होतं: मुंडराउब, शब्दशः तोंडची लूट. थोडंसं किंवा क्षुल्लक किमतीचं खाण्यापिण्याचं लगेच खाण्यासाठी घेतलं, तर ती चोरी नव्हे, किरकोळ उल्लंघन. मालकाने तक्रार केली तरच खटला.

यातले शब्द पुन्हा तपासून बघा. बागेतली चार सफरचंदं तिथेच खाल्ली तर मुंडराउब. पोतंभर बटाटे हिवाळ्यासाठी घरी नेले तर चोरी, कारण ते लगेच खाण्यासाठी नव्हते. आणि कोळसा, लाकूड, बूट, मुलाची पांघरुणं? ती खाता येत नाहीत. थंडीने कुडकुडणाऱ्याला कायद्यात भुकेल्याची जागा नव्हती. जंगलातलं सरपण चोरण्याबद्दल तर प्रशियाने, म्हणजे साम्राज्यातल्या सर्वांत मोठ्या राज्याने, १८७८ मध्ये वेगळाच कायदा केला होता.

हॅम्बुर्गच्या बंदरात फाटलेल्या पोत्यातून सांडलेल्या कॉफीच्या बिया खिशात घालणं कामगारांना वहिवाट वाटे. मालवाल्यांना आणि पोलिसांना ती चोरी वाटे. तिथले साध्या वेशातले पोलीस गुत्त्यात बसून कामगारांचं बोलणं ऐकत आणि लिहून ठेवत. त्या टिपणांमुळेच आपल्याला आज कळतं की लोक स्वतःच्या मनात चोरीची रेघ कुठे ओढत होते. ती रेघ आणि कलम २४२ ची रेघ एका जागी नव्हती.

दोन नागरिक बाकावर होते, मग गरिबाची बाजू त्यांना कळत नव्हती का?

कोणते नागरिक, हा प्रश्न आहे. लोकन्यायाधीशाला फक्त प्रवासखर्च मिळे. दिवसाचा भत्ता १९१३ मध्ये आला. ज्याचं घर रोजच्या मजुरीवर चालतं तो दिवसभर फुकट कसा बसणार? कायद्यानेही काही माणसं यादीबाहेर ठेवली होती: घरगडी आणि मोलकरणी, आणि गेल्या तीन वर्षांत सरकारी गरीबमदत घेतलेले लोक. बायकांना ही दारं १९२२ पर्यंत बंदच होती. मग उरले कारागीर-मालक, दुकानदार, शेतकरी, कारकून. म्हणजे बहुतेकदा ज्यांचा माल चोरीला जातो ते. समाजवादी पक्षाने या न्यायाला ‘वर्गीय न्याय’ म्हटलं आणि तो शब्द रुळला.

तरी या बाकाला एकदम मोडीत काढू नये. भांडणाच्या, शिवीगाळीच्या खटल्यात गल्ली ओळखणारी ही माणसं उपयोगी पडत. जर्मन कायद्यात अपमान हा फौजदारी गुन्हा होता आणि आजही आहे. सामान्य अपमानाचा खटला फिर्यादीने स्वतःच लढायचा. दोघे एकाच गावात राहत असतील तर आधी समेटाचा प्रयत्न बंधनकारक. प्रशियात हे काम श्यिड्समान नावाचा स्थानिक लवाद करी. तक्रारीची मुदत तीन महिने. आणि एक फार शहाणी तरतूद: समोरच्याने तिथल्या तिथे उलट शिवी दिली असेल तर न्यायालय दोघांनाही, किंवा दोघांपैकी एकाला, शिक्षेतून मोकळं करू शके. फिट्टंफाट म्हणून फाईल बंद.

हा उदारपणा सम्राटाच्या अपमानाला मात्र लागू नव्हता. त्यासाठी किमान दोन महिने कैद होती. पिऊन बोललेलं एखादं वाक्यही त्यात सापडे. १९०८ मध्ये कायदा बदलला आणि दुष्ट हेतूने, विचारपूर्वक केलेला अपमानच शिक्षेला पात्र ठरला.

न्यायालयात न जाताच शिक्षा

रोजच्या गुन्ह्यांपैकी कितीतरी प्रकरणांत सुनावणीच होत नसे. त्यासाठी श्ट्राफबेफेल होता, म्हणजे लेखी शिक्षा-आदेश. सरकारी वकील अर्ज करी, न्यायाधीश कागद बघून सही करी आणि आरोपीच्या घरी कागद येई: अमुक कृत्य, अमुक कलम, अमुक पुरावे, शिक्षा इतकी. दंड १५० मार्कांपर्यंत, कैद सहा आठवड्यांपर्यंत. कागद हाती पडल्यापासून एका आठवड्यात हरकत नोंदवली तर नेहमीसारखी सुनावणी. नोंदवली नाही तर तो कागदच अंतिम निकाल.

इथे घोटाळा कुठे होई हे उघड आहे. हंगामी मजूर कामावर गेलेला, कागद घरी पडलेला. किंवा वाचला, पण जर्मन नीट येत नाही. पूर्वेकडच्या प्रांतांत कित्येकांची भाषा पोलिश होती. किंवा हरकत घेतली आणि सुनावणीच्या दिवशी मजुरी बुडते म्हणून गेला नाही. मग हरकत फेटाळली जाई.

सुनावणी झालीच तर तिचा क्रम ठरलेला होता. साक्षीदारांना बोलावून बाहेर पाठवायचं, आरोपीची माहिती घ्यायची, आरोप वाचायचा, मग आरोपीला विचारायचं, मग साक्षी, सरकारी वकील, बचाव, आणि शेवटचा शब्द आरोपीचा. प्रश्न विचारण्याचं काम मुख्यतः अध्यक्ष न्यायाधीशाचं. त्याने पोलिसांची फाईल आधी वाचलेली असे. लोकन्यायाधीशांपुढे ती फाईल नसे. समोर जे बोललं जाई त्यावरच त्यांनी मत बनवायचं. बर्लिनमध्ये १९०६ साली मोआबिट भागात फौजदारी न्यायालयाची नवी अवाढव्य इमारत उभी राहिली. शेजारच्या कच्च्या कैदेच्या तुरुंगातून आरोपींना आणण्याचे मार्ग वेगळे होते. प्रेक्षकांच्या भव्य जिन्यावर आरोपीचं पाऊल पडत नसे.

सुटल्यावर काय?

याचं उत्तर एका माणसाच्या कहाणीत मिळतं. विल्हेल्म फोग्ट, जन्म १८४९, धंद्याने चांभार. चौदाव्या वर्षी चोरीसाठी दोन आठवड्यांची पहिली शिक्षा. पुढे चोऱ्या, खोटे कागद. १८९१ मध्ये एका न्यायालयाची तिजोरी फोडल्याबद्दल पंधरा वर्षं त्सुख्तहाउस. ती पूर्ण भोगून फेब्रुवारी १९०६ मध्ये तो बाहेर आला.

विस्मार गावात त्याला काम मिळालं, राजघराण्याला बूट पुरवणाऱ्या चांभाराकडे. मालक खूश होता. पण गुन्हेगार म्हणून पोलिसांनी त्याला त्या राज्यातून हद्दपार केलं. मग तो बर्लिनला बहिणीकडे आला, बुटांच्या कारखान्यात लागला. ऑगस्टमध्ये बर्लिन परिसरातूनही हद्दपारीचा हुकूम निघाला. संहितेत ‘पोलीस देखरेख’ नावाची जोडशिक्षा होती: सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत पोलीस ठरावीक ठिकाणी राहायला मनाई करू शकत आणि घराची झडती दिवसरात्र केव्हाही घेऊ शकत. काम हवं तर राहण्याचा दाखला हवा, दाखला हवा तर काम हवं, आणि दोन्हींच्या आड पोलिसांची नोंद.

१६ ऑक्टोबर १९०६ रोजी फोग्टने जुन्या कपड्यांच्या दुकानांतून जमवलेला कॅप्टनचा गणवेश घातला, रस्त्यात भेटलेल्या सैनिकांना हुकूम दिला, त्यांना घेऊन बर्लिनजवळच्या क्योपेनिकच्या नगरपालिकेत गेला, नगराध्यक्षाला अटक केली आणि तिजोरीतले साडेतीन हजारांहून अधिक मार्क नेले. सगळं जग हसलं. डिसेंबरमध्ये न्यायालयाने त्याला चार वर्षं तुरुंग दिला. पुन्हा त्सुख्तहाउस दिलं नाही, आणि हद्दपारीने त्याची नीट जगण्याची वाट बंद केली हे खटल्यात समोर आलं. १९०८ मध्ये सम्राटाने उरलेली शिक्षा माफ केली. लोकांच्या लक्षात गणवेश राहिला. मला त्या कहाणीतला विस्मारचा मालक आठवतो, ज्याला हा कामगार ठेवायचा होता.

कडक शिक्षेमुळे चोरी कमी झाली ना?

१८८२ पासून साम्राज्याने दरवर्षी फौजदारी आकडेवारी छापली. त्यात किरकोळ उल्लंघनं मोजलेली नाहीत, म्हणजे शिडीच्या खालच्या पायरीवरचे लोक त्यात दिसतच नाहीत. तरी दोन गोष्टी अभ्यासकांना सतत दिसल्या. पहिली, चोरी धान्याच्या भावाबरोबर वरखाली होते. बव्हेरियाच्या आधीच्या दशकांबद्दल एका संख्याशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये दाखवलं होतं की धान्य सहा क्रॉइत्सरने (तिथलं जुनं छोटं नाणं) महागलं की दर लाख लोकांमागे एक चोरी वाढते. शिक्षेचं कलम तेच, भाव बदलला की आकडा बदलला. दुसरी, मारामारी शनिवारी रात्री, रविवारी आणि सोमवारी एकवटते, म्हणजे पगार आणि सुट्टीच्या दिवशी. १८७६ मध्ये चाकू वापरून किंवा अनेकांनी मिळून केलेल्या मारहाणीसाठी किमान दोन महिन्यांचं नवं कलम आणलं, आणि तरी शतक संपेपर्यंत मारहाणीच्या शिक्षांचा आकडा चढतच राहिला. त्यातला काही भाग अधिक तक्रारी आणि अधिक पोलीस यांचा असू शकतो. कलमाच्या धाकाने हात थांबले असं मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

अक्षर कुणासाठी

१९ जून १९१२ रोजी कायदा अखेर हलला. गरजेपोटी केलेल्या क्षुल्लक किमतीच्या चोरीसाठी वेगळं कलम आलं: ३०० मार्कांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत तुरुंग, आणि तक्रार झाली तरच खटला. मुंडराउबमध्ये खाण्याबरोबर घरगुती वापराच्या वस्तूही आल्या. कोळशाच्या टोपलीला दंडाची वाट मिळाली, वीजचोराला ती मिळाल्यानंतर बारा वर्षांनी.

पण ‘लिहिलेलं नाही तर शिक्षा नाही’ हा नियम साम्राज्यातल्या सगळ्यांसाठी नव्हताच. पूर्व आफ्रिका, कामेरून, टोगो या वसाहतींतल्या स्थानिक लोकांना दंडसंहितेतलं हे संरक्षण नव्हतं. तिथे जिल्ह्याचा अधिकारी एकटाच पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश असे. चान्सलरच्या २२ एप्रिल १८९६ च्या आदेशाने फटक्यांची शिक्षा नियमात बसवली: एका वेळी जास्तीत जास्त २५ फटके, बायकांना नाही. त्याच आदेशात लिहिलं होतं की अरब आणि भारतीय लोकांना फटके द्यायचे नाहीत. दार-ए-सलाममधला भारतीय दुकानदार आणि त्याच्या दुकानातला आफ्रिकी हमाल यांनी एकच गुन्हा केला तर एकाच्या पाठीवर वळ उठत आणि दुसऱ्याच्या नाही. लायप्झिगचं न्यायालय ‘वस्तू’ या शब्दाचा कीस काढत होतं त्याच दशकातली ही गोष्ट आहे.

आज काय उरलं

तिसऱ्या चोरीचं ते जुनं कलम १९६९ च्या सुधारणेने गेलं. मुंडराउब १९७५ मध्ये गेलं. आज जर्मनीत साध्या चोरीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड आहे. तो ‘किंवा’ आता कलमातच आहे. क्षुल्लक किमतीच्या चोरीचा खटला तक्रारीवर चालतो, किंवा सार्वजनिक हिताचं कारण असेल तर तक्रारीशिवाय. वीजचोरी अजूनही वेगळ्या कलमात आहे. लोकन्यायाधीश बाकावर आहेत.

आणि श्ट्राफबेफेल अजून घरी येतो, बहुधा पिवळ्या लिफाफ्यात. पोस्टमनने लिफाफ्यावर जी तारीख लिहिली असेल तिथपासून मुदत मोजतात, तुम्ही तो उघडला त्या दिवसापासून नाही. पूर्वी एक आठवडा होता, आता दोन आहेत. तिथे राहणाऱ्या मराठी माणसाने तो लिफाफा जपून ठेवावा, फाडून टाकू नये. कागद समजला नाही तर मुदतीच्या आत लेखी हरकत आधी पाठवावी. कारणं नंतर मांडता येतात, आणि सुनावणी सुरू होण्याआधी हरकत मागेही घेता येते.